पेण-रोह्याचे शेजारी आणि दिल्लीचे मौन

पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे ऐकली की जुन्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, भातखाचरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या कोणाच्याही डोळ्यांपुढे उभ्या राहाव्यात. ही आडनावे लावणाऱ्यांत अनेक कुटुंबे बेने इस्रायली आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून जी सात जोडपी वाचली त्यांचे आपण वंशज, असे ही मंडळी पिढ्यानुपिढ्या सांगत आली. ते गलबत नेमके कोणत्या शतकात फुटले, हा वाद इतिहासकारांनी खुशाल चालू ठेवावा. तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी घाण्याला विश्रांती देणाऱ्या ह्या लोकांना कोकणाने 'शनवार तेली' म्हणून ओळखले आणि आपल्यात सामावून घेतले. त्यांनी गावांची नावे आडनावे म्हणून धारण केली, मराठी ही घरची भाषा केली, आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनेही रचली. ज्यू म्हणून ह्या भूमीत शेजाऱ्यांनी आपला छळ केला नाही, ही गोष्ट ते स्वतःच जगाला अभिमानाने सांगतात. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले ते आपल्या खुशीने गेले; कोणी हाकलले म्हणून नव्हे. पेणचे त्यांचे प्रार्थनामंदिर अजून उभे आहे. सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमविणे मात्र कोकणातील अशा मंदिरांत आता कठीण होऊन बसले आहे.

हा शेजारधर्म पेण-रोह्याच्या सामान्य माणसाने पाळला. त्याचे श्रेय कोणत्याही सरकारकडे, आणि परराष्ट्रखात्याकडे तर मुळीच, जात नाही. सरकारांचा शेजारधर्म कसा असतो, हा निराळा प्रश्न आहे. एखाद्या देशात माणसांच्या समूहाला तो केवळ तो समूह आहे म्हणून नष्ट करण्याचा उद्योग सुरू झाला, तर दुसऱ्या राष्ट्रांनी काय करावे? ह्या प्रश्नाला भारताने एकदा जगापुढे उभे राहून स्पष्ट उत्तर दिले होते. त्या उत्तराचे पुढे काय झाले, ते वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९३७ साली डॉ. ई. मोझेस हे बेने इस्रायली गृहस्थ मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नावाच्या रस्त्याने आज हजारो मुंबईकर रोज जातात. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३५ च्या सप्टेंबरात, जर्मनीने न्युरेंबर्गचे कायदे करून आपल्या ज्यू प्रजाजनांचे नागरिकत्व हिरावून घेतले होते. पुढच्याच वर्षी, १९३८ च्या जुलैत, फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी निर्वासित ज्यूंना कोणी घ्यावे ह्याचा विचार करण्यासाठी जमले. प्रत्येकाने सहानुभूती व्यक्त केली आणि बहुतेक प्रत्येकाने आपले दार लोटून घेतले. मोठ्या संख्येने लोक घेण्याची तयारी दाखविली ती एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने. १९३९ च्या मे महिन्यात इंग्लंडने श्वेतपत्रिका काढून पॅलेस्टाईनमध्ये पाच वर्षांत ७५ हजारांहून अधिक ज्यू येऊ नयेत असे ठरविले. १७ डिसेंबर १९४२ रोजी मित्रराष्ट्रांनी ज्यूंच्या संहाराचा संयुक्त निषेध केला, म्हणजे काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते. चार महिन्यांनी बर्म्युडा येथे परिषद भरली. तिच्यातून सांगण्यासारखे काही निघाले नाही.

ह्या काळाच्या एका कोपऱ्यात रोह्याचेही नाव येते. १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली आणि युद्धोत्तर जगाच्या चलनाची घडी तिने तीन आठवड्यांत बसविली. भारताच्या शिष्टमंडळात रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव देशमुख होते. आदल्याच वर्षी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले होते. इंग्लंडकडे साचलेल्या आपल्या स्टर्लिंग शिलकेचे काय, हा प्रश्न पारतंत्र्यातल्या देशाच्या शिष्टमंडळाने तेथे नेटाने मांडला. ही परिषद १ जुलैस सुरू झाली तेव्हा हंगेरीतून ऑशविट्झकडे आगगाड्या चालू होत्या. मेच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू त्या देशातून नेले गेले आणि त्यांतील बहुतेकांना तेथे पोचताच मारण्यात आले. चलनाच्या परिषदेने लोहमार्गांचा विचार करायला हवा होता, असे आम्ही म्हणत नाही. देशमुखांसारख्या पुरुषास दोष देण्याचा विचारही आमच्या मनात येत नाही. सांगायचे ते एवढेच की ४४ राष्ट्रे एकत्र बसून तीन आठवड्यांत करार करू शकतात, हे त्याच महिन्यात सिद्ध झाले. राष्ट्रांपाशी सामर्थ्य नव्हते, ही सबब त्यामुळे टिकत नाही. आणि दारे उघडताच येत नव्हती, हेही खरे नाही. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित आमच्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथे राहिले, आणि त्यामुळे करवीरनगरीला काही उणे पडल्याचे ऐकिवात नाही.

त्या वेळी भारताला स्वतःचे परराष्ट्र धोरण नव्हते. ते येऊ लागताच त्याने पहिल्या काही कामांत जे काम केले, ते शाळांच्या पुस्तकांत असावयास हवे होते. १९४६ साली क्यूबा, पनामा आणि भारत ह्या तीन देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे वंशसंहाराचा विषय घ्यावा अशी मागणी केली. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता. ११ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा आहे असे जाहीर केले आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी त्याविषयीचा करार संमत झाला. त्याचे पहिले कलम सांगते की, युद्ध असो वा शांतता, हा गुन्हा रोखणे आणि त्याला शिक्षा देणे हे प्रत्येक करारबद्ध राष्ट्राचे कर्तव्य आहे. पाचवे कलम सांगते की त्यासाठी प्रत्येकाने आपल्या देशात कायदा करावा. नवव्या कलमानुसार वाद निघाल्यास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे जाता येते.

भारताने १९४९ साली सही केली. मान्यता मात्र २७ ऑगस्ट १९५९ रोजी दिली, म्हणजे दहा वर्षे विचार केला. विचारांती जी मान्यता दिली तिला एक शेपूट जोडले: नवव्या कलमाखाली न्यायालयात जायचे तर प्रत्येक प्रकरणात सर्व पक्षांची संमती हवी. आरोपीच्या संमतीवाचून खटला नाही, असा हा न्याय! आणि पाचव्या कलमानुसार करावयाचा कायदा? तो आजतागायत झालेला नाही. जिनिव्हा करारांसाठी १९६० साली आपल्या संसदेने कायदा केला. वर्णभेदविरोधी करारासाठी १९८१ साली केला. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद आपल्या कायद्यात गुन्हा म्हणून आला, पण जो विषय आपणच जगापुढे नेला तो आला नाही. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा असल्यामुळे तो आपल्याकडेही आपोआप गुन्हा ठरतो, असा युक्तिवाद केला जातो. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या खटल्यात निकाल देताना ह्या युक्तिवादाचा फोलपणा दाखविला. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार ह्यांना आपल्या फौजदारी कायद्यात स्थान नाही आणि ही उणीव तातडीने भरून काढली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट बजावले. त्यानंतर पाच वर्षांनी संसदेने दंडविधानच नव्याने लिहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली. सोनसाखळी हिसकावणाऱ्यासाठी तिच्यात स्वतंत्र कलम आले. वंशसंहाराचे कलम शोधूनही सापडत नाही.

आता १९७१ कडे वळू. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे १९६२ च्या सप्टेंबरात पूर्व पाकिस्तानातून पायी गेले. भारत-पाकिस्तानांतील वैर ताजे असतानाही तेथील खेड्यांतील मुसलमानांनी आणि हिंदूंनी ह्या मराठी म्हाताऱ्याला भूदानात जमिनी दिल्या. ज्या मातीतून ते चालत गेले त्याच मातीवर नऊ वर्षांनी, २५ मार्च १९७१ च्या रात्रीपासून, पाकिस्तानी लष्कराने बंगाली जनतेची, विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची आणि विशेषतः हिंदूंची कत्तल आरंभिली. मृतांचा आकडा बांगलादेश ३० लाख सांगतो, अभ्यासक त्याहून बराच कमी सांगतात. सुमारे १ कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली ह्याविषयी मात्र कोणी वाद घालीत नाही. ढाक्यातील अमेरिकन वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिललाच आपल्या सरकारला तार करून त्याच्या मौनाचा निषेध केला. निक्सनसाहेबांनी ती कानाआड केली. बेळगावात जन्मलेले आणि कराचीत पत्रकारिता करणारे गोमंतकीय अँथनी मस्करेन्हस ह्यांनी आपले कुटुंब आधी देशाबाहेर काढले आणि मग १३ जूनला लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये डोळ्यांनी पाहिलेले सारे लिहिले. त्या लेखाचा मथळा एकाच शब्दाचा होता: वंशसंहार. सरकारांना माहिती नव्हती, असे १९४४ प्रमाणेच १९७१ सालीही कोणास म्हणता येणार नाही.

त्या वर्षी भारताने जे केले त्याचा आम्हांस अभिमान आहे. १ कोटी लोकांना अन्न आणि आसरा दिला, पंतप्रधान इंदिरा गांधी राजधान्यांचे उंबरे झिजवून आल्या, आणि अखेर डिसेंबरात सैन्याने तेरा-चौदा दिवसांत तो संहार थांबविला. युद्ध ऐन भरात असताना, ७ डिसेंबरला, आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा आणि सैन्ये मागे घेण्याचा ठराव केला. जे जग नऊ महिने कत्तल पाहात होते, त्याला शांततेची आठवण झाली ती कत्तल थांबविणारे सैन्य पुढे सरकल्यावर! परंतु अभिमान बाळगतानाच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भारत सीमेपलीकडे गेला तो मार्चमध्ये नव्हे. निर्वासितांचा भार असह्य झाला, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ३ डिसेंबरला पाकिस्ताननेच आपल्या विमानतळांवर बाँब टाकले, त्यानंतर गेला. आणि शिक्षेचे काय? युद्धगुन्ह्यांसाठी ज्या १९५ पाकिस्तानी अधिकारी-सैनिकांवर बांगलादेश खटले भरणार होता, त्यांना भारताने ताब्यात देऊ नये म्हणून पाकिस्तान ११ मे १९७३ रोजी हेगला गेला, आणि तोही ह्याच वंशसंहार कराराचा आधार घेऊन! भारताने आपल्या १९५९ च्या शेपटाकडे बोट दाखविले. कायद्याच्या दृष्टीने ती चाल बिनतोड होती. पण जे दार आपण लावून घेतले होते त्यातून १९७१ साली पाकिस्तानला न्यायालयात खेचणे आपल्यालाही शक्य नव्हते, हा त्याचाच दुसरा अर्थ. ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत त्रिपक्षीय करार झाला आणि ते १९५ जण खटल्यावाचून मायदेशी परतले. उपखंडात शांतता हवी म्हणून ते झाले, असे सांगितले गेले. शांतता किती आली, ते वाचक जाणतात.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आपल्या धोरणाला एक वळण पडले आहे. कोण मारला जात आहे ह्यापेक्षा मारणारा आपला कोण लागतो, हे आधी पाहावयाचे. कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीने लाखो माणसे मारली. व्हिएतनामने ती राजवट १९७९ च्या जानेवारीत उलथून टाकली, तरी संयुक्त राष्ट्रांत पोल पॉटचेच लोक बसत राहिले. भारताने १९८० साली नव्या सरकारला मान्यता दिली हे योग्यच झाले. पण हनोई आणि मॉस्को आपले मित्र नसते तर ती दिली असती काय, अशी शंका उरतेच. म्यानमारचे प्रकरण अधिक जवळचे. १९७१ साली ज्या देशासाठी आपण लढलो त्याच देशात २०१७ च्या ऑगस्टपासून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या पळून आले. त्या सप्टेंबरात बाली येथे जगातील संसदसदस्यांच्या परिषदेने राखाइन प्रांतातील हिंसेचा उल्लेख असलेले घोषणापत्र काढले. भारतीय शिष्टमंडळ त्यापासून अलिप्त राहिले. शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या लोकसभेच्या अध्यक्षा सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण! पुढे २०१९ च्या नोव्हेंबरात म्यानमारला हेगच्या न्यायालयात खेचले ते कोणी? हजारो मैलांवरच्या गांबियाने. ह्या चिमुकल्या देशाला म्यानमारच्या मैत्रीची गरज नव्हती असे फार तर म्हणता येईल. ज्याची म्यानमारशी १६०० किलोमीटरहून लांब सीमा आहे, त्या देशाची जबाबदारी तेवढ्याने कमी होत नाही.

आणि गाझा. ह्या विषयावर लिहिताना पेण-रोह्याचा वाचक इतरांहून अधिक हळवा असणे स्वाभाविक आहे. त्याच्या गावच्या लोकांची नातवंडे अश्दोदला, लोदला, दिमोनाला राहतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसे मारली आणि शेकडोंना ओलीस नेले. ह्या क्रौर्याचा निषेध करताना कोणी चाचरण्याचे कारण नाही. त्यानंतर गाझात जे घडले त्यातील मृतांची संख्या तेथील आरोग्यखात्याच्या मोजणीने ६० हजारांच्या वर गेली. २६ जानेवारी २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, दक्षिण आफ्रिकेच्या अर्जावर, वंशसंहार कराराखाली येणारी कृत्ये टाळण्यासाठी सर्व उपाय योजावेत असा अंतरिम हुकूम इस्रायलला दिला. बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२५ च्या सप्टेंबरात गाझात वंशसंहार झाल्याचा निष्कर्ष काढला. इस्रायलला तो अमान्य आहे. ह्या काळात दिल्लीने काय केले? २७ ऑक्टोबर २०२३ रोजी आमसभेत तटस्थ राहिली, १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने मत दिले, आणि १२ जून २०२५ रोजी पुन्हा युद्धबंदीच्याच ठरावावर तटस्थ राहिली. ह्या तीन मतांमागे कोणते सूत्र आहे, ते आम्हांस शोधून सापडले नाही.

अंतिम निकाल लागेपर्यंत बोलू नये, असे काही जाणते लोक म्हणतील. त्यांनी त्याच न्यायालयाचा २६ फेब्रुवारी २००७ चा निकाल वाचावा. स्रेब्रेनित्सा येथे १९९५ च्या जुलैत ८ हजारांच्या आसपास बोस्नियाई मुसलमान मारले गेले. सर्बियाने तो संहार स्वतः केला नाही, पण रोखण्याचे कर्तव्य चुकविले, असा ठपका न्यायालयाने सर्बियावर ठेवला. संहाराचा गंभीर धोका आहे हे कळले, किंवा कळावयास हवे होते, त्या क्षणीच कर्तव्य सुरू होते आणि ज्याचे वजन अधिक त्याची जबाबदारी अधिक, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे. निकालाची वाट पाहणे म्हणजे प्रेतांची गणती होईपर्यंत वाट पाहणे. शस्त्रांचे व्यवहार, शेतीचे तंत्रज्ञान, २९ जानेवारी १९९२ पासूनचे पूर्ण राजनैतिक संबंध ह्यांमुळे तेल अवीवमध्ये भारताच्या शब्दाला आज जे वजन आहे, ते नेपिडॉतही आहे. वजन वापरावयाचे नसेल तर ते मिळविले कशाला?

ह्यावरील खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो उघडपणे मांडला जात नाही. आज दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारावर बोट ठेवले तर उद्या आपल्यावर ठेवले जाईल, ही ती भीती. काश्मीर, १९८४ ची दिल्ली, २००२ चा गुजरात ही नावे ह्या भीतीमागे आहेत. भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण जो देश आपल्या न्यायालयांना हा गुन्हा ओळखण्याचे साधनच देत नाही, त्याच्यावर बाहेरचे बोट अधिक सहजपणे रोखले जाते. घरात कायदा असेल तर बाहेरच्या न्यायाधीशाला सांगता येते की आमचे आम्ही पाहून घेऊ. आज ते सांगण्याची सोय नाही. राष्ट्रहिताच्या नावाने हा कायदा टाळणारे राष्ट्रहितच ओळखत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा सरकारकडे मागायचे ते फार नाही. वंशसंहार आणि त्याची चिथावणी ह्यांना गुन्हा ठरविणारे विधेयक संसदेत आणावे आणि त्यात पद, पक्ष अगर गणवेश ह्यांची सबब चालू देऊ नये. नवव्या कलमावरील १९५९ ची अट मागे घेण्याचा विचार करावा. निदान ती का हवी, हे सांगावे. न्यायालयाने धोका मान्य केला की त्या देशाला शस्त्रे व दारूगोळा पाठविण्याचे परवाने थांबतील, असा नियम करावा आणि तो मित्र-शत्रू न पाहता लावावा. रायगडच्या खासदारांना लोकसभेत तारांकित प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. ज्या मतदारसंघात पेणचे ते प्रार्थनामंदिर आहे, गागोदे आहे आणि रोहाही आहे, त्याच्या प्रतिनिधीने हा प्रश्न विचारावा ह्यात कोणास नवल वाटू नये. कराराच्या पाचव्या कलमानुसार करावयाचा कायदा कोणत्या अधिवेशनात येणार, एवढेच विचारावयाचे आहे.